हँडीकॅमची वाइड टेप डीव्हीडीवर उतरवताना माणसं काठीसारखी का होतात

चिपळूणहून आत्याचा फोन आला तेव्हा मी ग्रँट रोडला लोकलमधून उतरत होतो. "अरे, मुंजीची सीडी लावली. तेव्हा सगळे आजारी होते का रे? आमचा दादा बघ, नुसती काठी दिसतोय." मुंज २००६ ची, गिरगावातल्या एका हॉलमधली. शूटिंग मीच केलेलं, मिनीडीव्ही हँडीकॅमवर, नव्या नवलाईने वाइड मोड लावून. डीव्हीडी मात्र एका दुकानातून करून घेतली होती. आत्याचा दादा म्हणजे माझे बाबा, आणि त्या वर्षी त्यांचं वजन चांगलं पंच्याऐंशी किलो होतं.

पुढचे तीन शनिवार-रविवार घालवून ते सगळं काम मी घरी पुन्हा केलं. तुमच्याही कपाटात अशा कॅसेट असतील आणि गावाकडच्या कुणाला तरी अजून डीव्हीडीच लागत असेल, तर हे क्रमाने वाचा.

चित्र टेपवर दाबलेलंच असतं

आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीत डीव्ही टेपवरचं चित्र कायम ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. साधं ४:३ (रुंदी:उंची) शूट करा नाहीतर १६:९ वाइड करा, ठिपके तेवढेच. वाइडमध्ये कॅमेरा रुंद दृश्य आडवं दाबून त्याच चौकटीत बसवतो आणि सोबत एक खूण नोंदवतो, की दाखवताना हे पसरून दाखवा. तीच चौकट साध्या चित्रात ७६८ बाय ५७६ एवढी दिसायला हवी आणि वाइडमध्ये १०२४ बाय ५७६ एवढी. डीव्हीडीचीही हीच तऱ्हा. तिच्यावरही ७२० बाय ५७६ आणि एक खूण.

म्हणजे टेपवरून डीव्हीडीवर जाताना चित्राला हात लावायची गरजच नसते. फक्त ती खूण वाटेत हरवू द्यायची नाही. शिंपी कापडाला मापाची चिठ्ठी टाचून ठेवतो ना, तसंच हे. चिठ्ठी गळली की कापड कितीही चांगलं असलं तरी सदरा भलत्याच मापाचा शिवला जातो. आमच्या डीव्हीडीत नेमकं तेच झालं होतं. चित्र वाइडचं, चिठ्ठी ४:३ ची.

हिशोबाची आवड असणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. पाल वाइडच्या एका ठिपक्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाण कुठे १.४२२ दिलेली दिसते, कुठे १.४५८७. डोकं धरून बसू नका. ७२० पैकी कडेचे काही ठिपके खऱ्या चित्रात धरायचे की नाहीत, एवढ्यावरून हा फरक पडतो. तो अडीच टक्क्यांचा आहे. माणूस अडीच टक्के जाड झालेला घरातल्या कुणालाही कळत नाही.

आधी हातात काय आहे ते बघा

कॅसेटवर बॉलपेनने 'वाइड' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. जुन्या कॅमेऱ्यांत रुंद दिसणारं चित्र दोन तऱ्हांनी यायचं. एक खरं वाइड, वर सांगितलं तसं दाबलेलं. दुसरं 'सिनेमा' किंवा तशाच नावाच्या मोडमधलं. त्यात चित्र साधं ४:३ असतं आणि वर-खाली काळे पट्टे चित्रातच छापलेले असतात. दोघांची वाट पुढे वेगळी होते.

ओळखायचं कसं? टेप कॉम्प्युटरवर घ्या (ते कसं, ते पुढे येतंय) आणि फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. कीबोर्डवरचं 'ए' दाबत गेलं की व्हीएलसी चित्राचं प्रमाण बदलत जातं. १६:९ वर माणसं नीट दिसली आणि ४:३ वर बारीक झाली, तर टेप खऱ्या वाइडची. ४:३ वर माणसं नीट दिसतात पण वर-खाली पट्टे आहेत, तर ती सिनेमा मोडची. मीडियाइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्राम फाइलवरची खूण वाचून दाखवतो. पण तो चिठ्ठी वाचतो, माणसं बघत नाही. म्हणून दोन्ही करा.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर पट्टी घ्या. शूटिंगमध्ये एखादी गोल वस्तू शोधा आणि स्क्रीनवर तिची उंची-रुंदी मोजा. मी पहिल्यांदा मातृभोजनाचं ताट मोजलं आणि फसलो. पाटासमोरचं ताट तिरपं दिसतं, ते कुठल्याही प्रमाणात अंडाकृतीच येणार. गोल वस्तू कॅमेऱ्याला अगदी समोरून दिसली पाहिजे. शेवटी हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ सापडलं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींच्या डोक्यामागे, चार सेकंद, पण स्पष्ट. दुकानाच्या डीव्हीडीवर ते १० सेंटिमीटर उंच आणि साडेसात सेंटिमीटर रुंद भरलं. बरोबर पाऊणपट. वाइडची टेप ४:३ म्हणून दाखवली की हाच आकडा येतो. उलट झालं, म्हणजे ४:३ ची टेप वाइड म्हणून ताणली, तर रुंदी उंचीच्या १.३३ पट भरते.

एकाच टेपवर दोन्ही असू शकतं हेही लक्षात ठेवा. आमच्या मामाने दुपारी कॅमेरा हातात घेतला आणि कुठलंतरी बटण दाबून वाइड बंद केलं. भिक्षावळ वाइडमध्ये आहे आणि पंगत ४:३ मध्ये. पुष्कळ प्रोग्राम फाइलच्या सुरुवातीची खूण वाचतात आणि तीच शेवटपर्यंत धरून चालतात. अशा ठिकाणी फाइल हाताने कापून दोन करा. हे आत्ताच केलं नाही तर पुढे फार रडवतं.

टेप कॉम्प्युटरवर घेणं

कॅमेऱ्यावर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरचं भोक असतं, त्याचा मोह टाळा. त्या वायरीतून चित्र तर मऊ होतंच, शिवाय वाइडची खूण नीट येत नाही. पालमध्ये ती खूण चित्राच्या २३व्या ओळीत लपवून पाठवायची सोय आहे, पण स्वस्तातली कॅप्चर यंत्रं तिच्याकडे बघतच नाहीत. यूएसबीचंही तेच. मिनीडीव्हीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ते भोक फोटो काढून घेण्यापुरतं असतं.

हवी ती फायरवायर. कॅमेऱ्यावर तिला 'डीव्ही' किंवा 'आय.लिंक' म्हटलेलं असेल. हीतून टेपवरचा डेटा जसाच्या तसा, खुणेसकट येतो. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड घालावं लागतं. कार्ड आणि चार पिनी ते सहा पिनी केबल मला लॅमिंग्टन रोडवर मिळाली, तीही तिसऱ्या दुकानात, वरच्या फळीवरच्या धुळकट खोक्यातून. 'आता कोण वापरतं' हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. सहा पिनी टोकात वीज असते. ते उलटं जोर लावून घुसवलं तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो, म्हणून आधी कॅमेरा बंद, मग केबल, मग कॅमेरा चालू. नवीन विंडोजमध्ये कार्ड ओळखलं पण कॅमेरा दिसला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा ड्रायव्हर बदलून 'लेगसी' नावाचा लावून बघा. माझं त्यावर भागलं.

टेपबद्दल दोन शब्द. मुंबईची हवा टेपला मानवत नाही. पावसाळ्यात कपाटातून काढलेली कॅसेट लगेच घालू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन दिवस ठेवा. फितीवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका, हेडची वाट लागते. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेल्या कॅमेऱ्यावर दवाची सूचना आली तर कॅसेट काढून झाकण उघडं ठेवा आणि तासभर थांबा. घातलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत सुटी होते.

टेप उतरवायला विंडोजवर मी विनडीव्ही वापरतो, लिनक्सवर डीव्हीग्रॅब आहे. दोन्ही फुकट. विनडीव्हीत एव्हीआय फाइलचा प्रकार 'टाइप २' ठेवा, पुढच्या जास्त प्रोग्रामना तो चालतो. एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी जागा लागते, आणि डिस्क एनटीएफएस असली पाहिजे, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढे फाइल जात नाही. टेप चालू असताना 'ड्रॉप्ड' (वाटेत गळलेल्या फ्रेम) हा आकडा शून्यावर राहतो का बघत राहा. तो वाढायला लागला तर बाकीचे प्रोग्राम बंद करून तेवढा भाग परत घ्या.

काळे पट्टे छापलेले असतील तर

इथे दोन मतं आहेत. माझं मत, आहे तसंच राहू द्या. ५७६ ओळींपैकी वरच्या ७२ आणि खालच्या ७२ काळ्या, खरं चित्र मधल्या ४३२ ओळींत. ४:३ ची डीव्हीडी करा. सपाट टीव्हीवर चारी बाजूंनी काळं दिसेल, तेव्हा टीव्हीच्या रिमोटवर झूम दाबायचं, झालं.

ज्यांना ते नकोच असेल त्यांनी मधल्या ४३२ ओळी कापून उभ्या दिशेने ५७६ पर्यंत ताणाव्यात आणि मग १६:९ ची खूण लावावी. पण हे चित्र इंटरलेस्ड असतं. एका फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने घेतलेली दोन अर्धी चित्रं ओळीआड विणलेली असतात. तसंच ताणलं तर दोन्हींची सरमिसळ होते आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीचे दात येतात. म्हणून आधी डीइंटरलेस करून, म्हणजे ती वीण उसवून, सेकंदाला ५० पूर्ण चित्रं करायची, मग कापायचं, मग ताणायचं, आणि शेवटी पुन्हा विणायचं. अ‍ॅव्हिसिंथ किंवा एफएफएमपेगसारखा प्रोग्राम येत असेल तर करा. तपशील मात्र एका ओळीनेही वाढत नाही, हे जाणून करा.

एडिटिंग

कापाकापी करायची नसेल तर हा भाग सोडा. करायची असेल तर पहिली फाइल आत घ्यायच्या आधी प्रोजेक्टचं माप ठरवा. केडेनलाइव्ह या एडिटिंग प्रोग्राममध्ये 'डीव्ही/डीव्हीडी वाइडस्क्रीन पाल' असं तयार प्रोफाइल आहे, ते निवडा. क्लिप टाइमलाइनवर टाकल्यावर दोन्ही बाजूंना काळे खांब दिसले, तर प्रोग्रामने क्लिप ४:३ धरलीय असं समजा. क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रमाण १६:९ करा. खांब तसेच ठेवून पुढे गेलात तर ते चित्रात कायमचे छापले जातील, आणि मग माणसं बारीकही आणि लहानही. आमच्या दुकानदाराने निदान तेवढं तरी केलं नव्हतं.

'चि. सौ. कां.' छाप पाटी किंवा जुना फोटो घालायचा असेल तर तो ७२० बाय ५७६ मापाने बनवू नका. १०२४ बाय ५७६ मापाने बनवा आणि दाबायचं काम प्रोग्रामवर सोडा. अक्षरं चारी कडांपासून दहा-दहा टक्के आत ठेवा. जुने डबा टीव्ही चित्राची कड खातात, आणि पाटीवरच्या 'आपले नम्र' खालचं आडनाव गेलं की घरात बोलणी बसतात.

एमपेग करताना

डीव्हीडीला व्हिडिओ एमपेग-२ प्रकारात लागतो. १६:९ ची खूण ७२० किंवा ७०४ रुंदीच्या चित्रालाच चालते. 'जास्त तास बसवा' असला पर्याय घेतला की काही प्रोग्राम रुंदी गुपचूप ३५२ करतात आणि वाइड तिथेच संपतं. व्हीसीडीत तर वाइडची सोयच नाही, त्यामुळे कुणी 'व्हीसीडी स्वस्तात करून देतो' म्हणालं तर नमस्कार करा.

बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा द्यायचा त्याचा, हिशोब सोपा आहे. ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण ३७,६०० मेगाबिट मावतात. त्याला सेकंदांनी भागा. दोन तासांना सगळं मिळून ५.२ मेगाबिट येतात, दीड तासाला जेमतेम ७. एका तासाला १० च्या पुढे येतात, पण तेवढे द्यायचे नाहीत. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे आणि घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर ८ च्या वर अडखळतात. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं हलतं, दाणेदार चित्र बिट खूप खातं. मी एका डिस्कवर एकच टेप घालतो. डिस्क स्वस्त आहे.

फील्डचा, म्हणजे एका फ्रेममध्ये ओळीआड विणलेल्या दोन अर्ध्या चित्रांचा, क्रम 'लोअर' किंवा 'बॉटम फर्स्ट' ठेवा, डीव्हीचा तोच असतो. उलटा गेला तर स्थिर चित्रात काही कळत नाही, पण हॉलबाहेरून बेस्टची बस गेली की ती एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरत जाते. डीव्हीचं चित्र डीव्हीडीसाठी डीइंटरलेस करू नका. सलग हालचाल त्या विणीमुळेच दिसते. आवाजही बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांचा आवाज मुळात १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर लावलेला असे. डीव्हीडीला ४८ लागतो, तेव्हा बदलून घ्या.

कॅमेरा एचडीव्हीचा, म्हणजे टेपवरच एचडी चित्र घेणारा, असेल तर त्यातून डीव्हीत बदलून बाहेर पाठवायची सोय बहुधा कॅमेऱ्याच्या मेनूतच असते, ती लावली की वरचं सगळं तसंच लागू. मेमरी कार्डाचे एव्हीसीएचडी कॅमेरे १०८० ओळींचं चित्र देतात. ते इंटरलेस्ड असेल तर लहान करतानाही आधी डीइंटरलेस करायचं, आणि त्यांच्यात वरचं फील्ड पहिलं येतं. अमेरिकेतून आणलेला कॅमेरा असेल तर टेप तिकडच्या एनटीएससी पद्धतीची, ७२० बाय ४८०. पाल करत बसू नका, एनटीएससीचीच डीव्हीडी करा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती चालवतात.

डीव्हीडी बांधणं: चिठ्ठी गळते ती इथेच

डीव्हीडीवर १६:९ ची खूण दोन जागी असते. एक एमपेगच्या आत, दुसरी डिस्कवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या आयएफओ फाइलीत. प्लेअर आयएफओचं ऐकतो. एमपेग अगदी बरोबर केलेलं असलं आणि डिस्क बांधणाऱ्या प्रोग्रामने आयएफओत ४:३ लिहिलं, तर टीव्हीवर काठीच दिसणार. कॉम्प्युटरवर फाइल नीट दिसते आणि डिस्क मात्र चुकते, याचं कारण बहुतेक वेळा हे.

डिस्क बांधायला मी डीव्हीडीस्टायलर वापरतो. नवीन प्रोजेक्ट करतानाच पाल आणि १६:९ निवडायचं. फाइल आत घेतल्यावर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मूळ प्रमाण काय वाचलं गेलंय आणि पुढे काय जाणार आहे, हे दोन्ही बघायचं. मूळ ४:३ वाचलं गेलं असेल आणि प्रमाण टिकवण्याची खूण लागलेली असेल, तर तो पुन्हा खांब घालतो. ती खूण काढा. वाइडस्क्रीनचा प्रकार विचारला तर पॅन-स्कॅन नको असं सांगा, नाहीतर ४:३ टीव्हीवर काही प्लेअर कडेची माणसं कापून टाकतात.

आता मामाची पंगत. डीव्हीडीत चित्राचं प्रमाण फाइलवार ठरत नाही, एका टायटलसेटला, म्हणजे डिस्कवरच्या क्लिपांच्या एका गटाला, एकच असतं. वाइड आणि ४:३ क्लिप एकाच टायटलसेटमध्ये कोंबल्या तर कुणीतरी एक विद्रूप होणार. ४:३ साठी दुसरा टायटलसेट करा, त्याचं प्रमाण ४:३ ठेवा आणि मेनूत दोन बटणं द्या. आमच्या मेनूत 'मुंज' आणि 'पंगत' अशी आहेत.

बर्न करणं

आधी पुन्हा पुसता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर करून बघा. तीन डिस्क वाया गेल्यावर मला हे सुचलं. ठीक वाटलं की चांगल्या डीव्हीडी-आरवर, ४एक्स किंवा ८एक्सने. इमगबर्न या बर्न करायच्या प्रोग्रामला व्हिडिओ_टीएस फोल्डर दिला की बाकीचं तो करतो. बर्न झाल्यावरची पडताळणी वगळू नका. मूळ एव्हीआय पुसू नका, डीव्हीडीपेक्षा तीच फाइल मोलाची. डिस्कवर मार्करने १६:९ लिहा.

प्लेअर आणि टीव्ही

प्लेअरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' असतो. त्यात ४:३ पॅन-स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स आणि १६:९ असे पर्याय दिसतात. सपाट टीव्हीला १६:९. जुन्या डबा टीव्हीला लेटरबॉक्स. पुष्कळ घरांत टीव्ही बदलला पण प्लेअर तोच राहिला, आणि त्याचं सेटिंग अजून डब्याचंच आहे. त्यानंतर टीव्हीच्या रिमोटवरचा 'पिक्चर साइज' ऑटोवर किंवा १६:९ वर. मग घड्याळ शोधा, चित्र थांबवा, पट्टी लावा. आमच्या बोरिवलीच्या टीव्हीवर ते दोन्ही बाजूंनी १४ सेंटिमीटर भरलं.

दुसरी डिस्क कुरिअरने चिपळूणला गेली. चार दिवसांनी आत्याचा फोन. "दादा आता दादासारखा दिसतोय. पण वर-खाली काळ्या पट्ट्या आल्यात रे, हे काय?" तिच्याकडे अजून डबा टीव्ही आहे. चौकोनी टीव्हीवर रुंद चित्र पूर्ण दाखवायचं तर पट्ट्या येणारच, त्या प्लेअर घालतो. "असू देत," म्हटलं, "आणि काकांना सांग, झूमचं बटण दाबायचं नाही."